सहकुटुंब सहपरिवार सायकल राइड: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

दोन वर्षांपूर्वी मी घरच्यांना घेऊन पहिल्यांदा ग्रुप राइडला गेले. नवरा, सहावीतला लेक आणि नणंद. कोथरूडहून एनडीए रोडने खडकवासला धरण आणि परत, जाऊन येऊन तीसेक किलोमीटर. मी त्याआधी वर्षभर एकटी चालवत होते, त्यामुळे मला वाटलं तीस म्हणजे काय, पोह्यांच्या वेळेला घरी. प्रत्यक्षात उत्तमनगरच्या पुढे नणंदेच्या पोटरीत गोळा आला, तिच्यासाठी थांबलो तोवर लेकाची चेन उतरली, ती बसवून मान वर करतो तर ग्रुपमधलं कुणीही दिसेना. नणंद म्हणाली, "वहिनी, तुम्ही व्हा पुढे, मी एखादा टेम्पो बघते." तेवढ्यात धरणावरचा ग्रुप फोटो मोबाइलवर आला, सगळे हसतायत, आम्ही चौघं सोडून.

राग आला होताच, पण चूक अर्धी माझीच होती. मी राइड माझ्या पायांच्या हिशोबाने निवडली होती. घरच्यांना किंवा मित्रमैत्रिणींना घेऊन जायचं असेल तर राइड निवडायची ती आपल्यातल्या सगळ्यात हळू माणसाच्या हिशोबाने, खाली जे काही लिहिलंय ते सगळं त्यातूनच आलंय. उदाहरणं पुण्याची आहेत कारण मी इथेच चालवते, तुम्ही नाशिक, कोल्हापूर, ठाणे कुठलेही असा, रस्त्यांची नावं बदलून घ्या.

१. आधी पार्किंगमधली सायकल बाहेर काढा

नवीन सायकल घ्यायची घाई करू नका प्लीज. पहिल्या दोन-तीन राइड आहे त्या सायकलवर किंवा भाड्याच्या सायकलवर करा, मग आपल्याला काय हवंय ते आपोआप कळतं. दुकानात गेलात की जाड टायरची, पुढे-मागे शॉकअप असलेली दणकट सायकल दाखवतात, दिसते भारी पण डांबरी रस्त्यावर ती ओढताना जीव निघतो. रस्त्यावरच्या राइडसाठी मध्यम जाडीच्या टायरची, सरळ हँडलची हायब्रिड सायकल नवख्याला बरी पडते. साधी बिनगिअरची काळी सायकल असेल तरी सपाट रस्त्याला काही बिघडत नाही, आमच्या ग्रुपमधले एक काका त्याच्यावरच येतात आणि परतताना निम्म्या लोकांना मागे टाकतात.

सायकल वर्षभर उभी असेल तर टायरच्या कडेला बारीक चिरा पडल्यात का बघा, पडल्या असतील तर टायर बदला, हवा भरून टिकली म्हणजे टायर चांगला असं नसतं. ब्रेक दाबल्यावर लिव्हर हँडलला टेकत असेल तर वायर ताणून घ्या, आणि ब्रेकचे रबर किती उरलेत तेही तेव्हाच बघा. हवा किती भरायची हे टायरच्या बाजूला उठावात लिहिलेलं असतं, पीएसआयमध्ये, कमीत कमी आणि जास्तीत जास्त, त्या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी ठेवा. बोटाने दाबून अंदाज घेणं ही आपली राष्ट्रीय पद्धत आहे पण ती सायकलला चालत नाही.

आता वॉल्व्हचं. सायकलच्या ट्यूबला तीन प्रकारचे वॉल्व्ह असतात. एक आपल्या जुन्या काळ्या सायकलीचा, दुसरा मोटरसायकलसारखा जाड, आणि तिसरा बारीक लांबट, त्याला फ्रेंच वॉल्व्ह म्हणतात, ज्याचं टोक आधी फिरवून सैल करावं लागतं मगच हवा जाते. हा तिसरा असेल तर रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याकडे हवा भरता येत नाही, त्याच्यासाठी शेंगदाण्याएवढं पितळी अडॅप्टर मिळतं ते वॉल्व्हला लावूनच ठेवा. माझ्या नवऱ्याच्या सायकलला फ्रेंच वॉल्व्ह आहे हे आम्हाला पंक्चरच्या दुकानात उभं राहिल्यावर कळलं. आणि कॉम्प्रेसरने हवा भरताना जपून, बारीक ट्यूब दोन सेकंदात फुगते आणि तिसऱ्या सेकंदाला फुटते.

सीटची उंची बहुतेक सगळ्यांची चुकीची असते, खाली ठेवलेली असते कारण दोन्ही पाय जमिनीला टेकायला हवेत असं वाटतं. सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली आणा, पाय सरळ झाला पाहिजे. मग चालवताना चवडा पायडलवर ठेवलात की गुडघा किंचित वाकतो, तेच पाहिजे. अर्थात थांबताना सीटवरून पुढे उतरावं लागतं, सवय होते. नणंदेचे गुडघे दुखत होते ते एवढ्या एका गोष्टीने थांबले.

२. तीन आठवडे घरच्या घरी

पहिल्या आठवड्यात पाच-सात किलोमीटर, दुसऱ्यात दहा-बारा, तिसऱ्यात एकदा वीस. तीसच्या राइडला एवढं पुरतं, बाकीचं सोबतीने निघतं. गिअर हलका ठेवून पाय भराभर फिरवायची सवय लावा. जड गिअर लावून उभं राहून दाबत बसलं की गुडघे बोलायला लागतात. वेग बरोबर आहे का हे ओळखायला घड्याळ नको, चालवता चालवता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, दोन शब्दांनंतर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे.

सोसायटीच्या आवारात दोन गोष्टींची प्रॅक्टिस करून घ्या: एक हात सोडून चालवणं, आणि उजव्या खांद्यावरून मागे बघताना सायकल सरळ ठेवणं. सोपं वाटतं, पण नवखा माणूस मागे बघतो तेव्हा हँडलही उजवीकडेच वळतं, आणि उजवीकडून पीएमपीची बस येत असते. पार्किंगमध्ये खडूने एक रेघ मारा आणि तिच्यावरून जाताना मागे बघून दाखव म्हणा. लेकाला दोन दिवसांत जमलं, नवऱ्याला आठवडा लागला.

३. राइड कुठली निवडायची

रविवारची नाश्ता राइड, पंचवीस-चाळीस किलोमीटरची, हीच सुरुवातीला घ्या. ३ जूनला जागतिक सायकल दिन असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ मध्ये तो जाहीर केला, त्याच्या आसपास शहरात छोट्या रॅली निघतात, अंतर कमी आणि पोरांची गर्दी, कुटुंबाला बऱ्या. पण रॅलीत वेगवेगळ्या वेगाची शेकडो माणसं एकत्र असतात, सुरुवातीला धक्काबुक्की होते, त्यामुळे मागून निघा. आषाढीच्या आधी पंढरपूरला सायकलवारी जाते, नाशिकहून जाते, पुण्यामुंबईहून जाते, आणि तिच्यात सत्तरीतली माणसंही दिसतात, पण पुण्याहूनच पंढरपूर दोनशे किलोमीटरच्या वर आहे, तेव्हा ते यंदा नको, पुढच्या वर्षी.

आणि बीआरएम नावाचं लांब पल्ल्याच्या राइडचं प्रकरण कुणी सुचवलं तर हसून नाही म्हणा. त्यात सगळ्यात छोटी राइड २०० किलोमीटरची, साडेतेरा तासांत संपवायची, वाटेत मोडलं-तुटलं तर आपलं आपण बघायचं. तिथे जाणारे लोक मला आवडतात, पण मेव्हण्याला "चल रे मजा येईल" म्हणून न्यायची ती जागा नाही.

ग्रुप ठरला की आयोजकांना हे विचारा, लाजू नका:

- राइड 'नो ड्रॉप' आहे का? म्हणजे मागे राहिलेल्याला सोडून ग्रुप पुढे जात नाही ना? "हो हो, आपण सगळे एकत्रच असतो" हे उत्तर नव्हे. शेवटी कोण असणार, त्याचं नाव आणि नंबर मागा. या शेवटच्या माणसाला स्वीप म्हणतात, त्याच्या मागे ग्रुपमधलं कुणीही नसतं.
- ॲव्हरेज वेग किती, ताशी किलोमीटरमध्ये? पंधराचा असेल तर नवख्यांना चालेल, वीस-बावीसचा असेल तर राम राम. आणि तो थांबे धरून आहे की न धरता तेही विचारा.
- रस्त्यात घाट आहे का? पुण्यात सासवडला जायचं म्हटलं की दिवे घाट नाहीतर बोपदेव घाट, दोन्हीकडून चढच. अंतर तीसच दिसतं पण ते तीस वेगळे.
- मागे गाडी आहे का, दमलेल्याची सायकल तीत टाकता येईल का?
- बाथरूम कुठे आहे? हे बायकांनी विचारायचंच. पुरुष आयोजक बहुतेक वेळा "वाटेत होईल की" म्हणतात. वाटेतला पेट्रोल पंप किंवा हॉटेल ठरवून घ्या, नाहीतर बायका पाणीच पीत नाहीत आणि मग चक्कर येते, मी डोळ्यांनी बघितलंय.

मुंबईकडे जायचा बेत असेल तर एक्सप्रेसवेवर सायकलला बंदी आहे, जुन्या हायवेनेच जावं लागतं.

फॉर्म भरताना रक्तगट आणि घरी असलेल्या माणसाचा नंबर खरा द्या. सोबत आलेल्या चौघांनी एकमेकांचेच नंबर दिले तर त्याचा काय उपयोग. शुगर, बीपी, दमा असेल तर राइड लीडरला सकाळी कानात सांगून ठेवा, आणि हृदयाचं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

४. आदल्या रात्री

जास्तीची ट्यूब (आपल्याच चाकाच्या मापाची, टायरवर २६ किंवा ७०० असं लिहिलेलं असतं), टायर काढायचे दोन प्लास्टिकचे लिव्हर, छोटा पंप, ॲलन कीचा सेट, पाण्याच्या दोन बाटल्या, थोडी रोकड, आधार कार्ड. मागचा लाल आणि पुढचा पांढरा दिवा चार्ज करून. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे उजाडायला सात वाजतात आणि राइड साडेपाचला निघते, म्हणजे पहिला दीड तास अंधारातच.

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं बसलं पाहिजे, मागे सरकवून कपाळ उघडं ठेवणं म्हणजे घातलं न घातल्यासारखं. हनुवटीखालच्या पट्ट्यात एखाद-दुसरं बोट जाईल एवढीच जागा.

कपड्यांचं म्हणाल तर ओढणी, लोंबणाऱ्या नाड्या, सैल पायजमा नको, चेनमध्ये अडकतात. पॅंट असेल तर उजव्या पायाला रबरबँड लावा. पॅडवाली शॉर्ट घेतलीत तर तिच्या आत काही घालायचं नसतं, हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही आणि पहिल्या दिवशी जे सोललं ते मी सांगत बसत नाही. वरून सैल टीशर्ट किंवा कुर्ता चालतो.

रात्री भरपेट पण साधं जेवा, वरणभात उत्तम. पार्टी करून पहाटे येणारे असतात, ते पहिल्या चढाला ओळखू येतात.

५. सकाळी

निघण्याआधी अर्धा तास एक केळं किंवा दोन खजूर. पोचा पंधरा मिनिटं आधी, कारण रस्ता, थांबे आणि वळणं तेव्हाच सांगतात आणि उशिरा आलेला माणूस मग दिवसभर "आता कुठे वळायचं" विचारत फिरतो. तिथेच स्वीपला भेटा, घरच्या सगळ्यांना त्याचा चेहरा दाखवा.

६. ग्रुपमध्ये चालवायचं कसं

रस्त्याच्या डाव्या बाजूने, एकामागे एक. गप्पा मारत तिघं-चौघं आडवे जाणारे ग्रुप बघून गाडीवाले चिडतात, आणि बरोबरच आहे त्यांचं.

सगळ्यात महत्त्वाचं, पुढच्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक बाजूने ओलांडू द्यायचं नाही. समजा पुढचा माणूस खड्डा चुकवायला अचानक उजवीकडे आला आणि तुमचं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाच्या उजव्या बाजूला आहे, तर चाकाला चाक घासतं, त्याला काही होत नाही, पडता तुम्ही. म्हणून नवख्याने सायकलभर अंतर ठेवावं, उतारावर त्याच्या तिप्पट.

ग्रुपमध्ये ब्रेक कचकन दाबायचा नसतो. मागच्याला काही दिसत नाही, त्याला फक्त तुमची पाठ दिसते. म्हणून खड्डा दिसला की त्या बाजूचा हात खाली करून बोट दाखवायचं आणि ओरडायचं, "खड्डा!" थांबताना हात वर, "स्टॉप!" मागचा माणूस ओरडतो "मागून गाडी!" आणि तो निरोप पुढेपुढे जात राहतो. सुरुवातीला ओरडायला लाज वाटते. नणंद बँकेत आहे, हळू बोलायची सवय, पण आता तिचं "खड्डाऽऽ" वारज्यात दिलं तर शिवण्यात ऐकू जातं.

मूल सोबत असेल तर एक मोठा पुढे, मूल मधे, दुसरा मोठा मागे आणि किंचित उजवीकडे, म्हणजे मागून येणाऱ्या गाडीला आधी मोठा माणूस दिसतो. आईबापांनी दोघांनीही पुढे जाऊन वळून वळून बघू नये. मुलांचं इंजिन वेगळं असतं, ती पहिले पाच किलोमीटर सुसाट जातात आणि सातव्याला रस्त्याकडेला बसतात. तेव्हा भाषण नको, चिक्की द्या. बारा वर्षांखालच्या मुलांना मी हायवेवर नेत नाही, कुणी काहीही म्हणो.

चढावर गिअर चढ लागायच्या आधी हलका करा, चढात जोर देऊन बदललात की चेन उतरते. लेकाचं त्या दिवशी तेच झालं होतं. उतरलीच तर पुढच्या छोट्या चक्रीवर खालून चेन लावा आणि पायडल हाताने उलटं फिरवा, बसते. चढ नाहीच चढवला तर उतरून चालत जा, त्यात काहीही कमीपणा नाही, बोपदेवमध्ये मी अजून चालते.

उतारावर मात्र जपा. दोन्ही ब्रेक एकत्र, हळूहळू, आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबलात तर हँडलवरून पुढे जाल. पावसाळ्यात रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की पहिल्या फेऱ्याला धरतच नाहीत, आधीपासून हलके दाबून रिम पुसून घ्या. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं आणि झाडाखालचं शेवाळ यांच्यावर वळू नका.

७. पंक्चर झालं तर

होणारच. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यातल्या केसासारख्या बारीक तारा हायवेच्या कडेला पडून राहतात आणि आपण नेमके कडेनेच जातो. सायकल रस्त्यावरून पूर्ण बाजूला घ्या, हात वर करून स्वीपला दाखवा. चाक काढा, टायरची एक कड लिव्हरने बाहेर काढा, ट्यूब ओढून घ्या. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट हलकेच फिरवा. नवऱ्याने हे केलं नव्हतं, नवी ट्यूब घातली, दोनशे मीटर गेला आणि परत फुस्स. तार टायरमध्ये तशीच होती, मिशीच्या केसाएवढी, चिमट्याशिवाय निघेना, शेवटी माझ्या पर्समधली भुवयांची प्लकर कामाला आली. तेव्हापासून ती टूलकिटमध्येच असते.

नवी ट्यूब घालताना आधी थोडी हवा भरा म्हणजे तिला पीळ पडत नाही, आणि शेवटची कड शक्यतो हातानेच आत बसवा, लिव्हर मारलात तर नव्या ट्यूबलाच चिमटा बसतो. ठिगळ लावायचं काम घरी, पाण्याच्या बादलीत बुडबुडे बघत, निवांत. सोल्युशन लावल्यावर ते वाळेपर्यंत थांबायचं आणि मगच ठिगळ दाबायचं, ओल्यावर लावलेलं निघून येतं.

८. खाणं-पिणं

तहान लागायची वाट बघू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट. दीड तासाच्या वर जायचं असेल तर एका बाटलीत साखर-मिठाचं पाणी: एक लिटरला चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. लिंबू पिळा.

नाश्त्याला मिसळ ही ग्रुप राइडची परंपराच आहे, मोडायला सांगणाऱ्यातली मी नाही. फक्त ती परतीच्या चढाआधी खाऊ नका, आणि खाल्लीत तर तर्री कमी. इडली, पोहे, उकडलेली अंडी पोटाला हलकी. खडकवासल्याला कांदाभजी समोर तळत असतात, तिथे कुणाचं काही चालत नाही.

तासभर बसून राहिलात तर पाय गार पडतात आणि परत सायकलवर बसायला नको वाटतं. पंचवीस मिनिटं पुरे.

९. घरी आल्यावर

पोटऱ्या आणि मांड्या ताणून घ्या, पाच मिनिटं, बूट काढायच्या आधीच, नाहीतर सोफ्यावर बसलात की संपलं. पॅडची शॉर्ट लगेच धुवा, पिशवीत ठेवून विसरू नका. राइड लीडरला पोचल्याचा मेसेज टाका, तोपर्यंत तो माणूस जेवत नाही. कुणाचं काय दुखतंय ते त्याच दिवशी विचारा: बोटांना मुंग्या येत असतील तर हातावर भार जास्त पडतोय, गुडघा पुढून दुखत असेल तर सीट बहुतेक अजूनही खाली आहे.

मग चेन. कोरड्या फडक्याने पुसायची, एकेका कडीवर सायकलच्या तेलाचा एकेक थेंब, पायडल उलटं फिरवत, आणि वरचं तेल पुन्हा पुसून टाकायचं. खोबरेल नको, धूळ धरतं. आणि ते काळं झालेलं फडकं गॅलरीतच ठेवा. आमच्याकडे ते एकदा स्वयंपाकघरात ओट्यावर सापडलं होतं, त्याची चौकशी अजून चालू आहे.